बाळाला घेऊनच ये

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मरणार्थ अंथुर्णे येथे दिलेलं व्याख्यान)



आज ३ जानेवारी. सकाळी शाळाशाळांतून लहान मुली लुगडी नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून सावित्रीबाई झाल्या असतील. मला ते बघायला फार आवडतं. पण सावित्रीबाईंची जयंती येते ती गळिताच्या ऐन भरात. या दिवसांत आपल्याकडे रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, आणि ओढ्याकाठी, कालव्याच्या भरावाखाली, तुटलेल्या फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या पडलेल्या असतात. त्या कोपीतली मुलगी आज सकाळी सावित्रीबाई झाली नाही. ती पाणी भरत होती, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत होती. मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे. त्यातही सातपुड्यातून, खानदेशातून येणाऱ्या आदिवासी मुलीविषयी, कारण ऊसतोडीच्या चर्चेतही तिचं नाव शेवटी येतं.

माझी एक चूक आधी सांगते. मी याच नीरा कालव्याच्या काठावरच्या एका शाळेत शिकवत होते. शाळेपासून हाकेच्या अंतरावर पावरा कुटुंबांची एक टोळी उतरली होती. त्यातली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रोज वर्गाच्या दारापाशी येऊन उभी राहायची. कडेवर वर्षाचं बाळ. मी फळ्यावर लिहिलं की तिचे ओठ हलायचे. म्हणजे तिला वाचता येत होतं, निदान ओळख होती. तीन-चार दिवसांनी मी तिला आत बोलावलं. म्हटलं, "उद्यापासून वर्गात बस. पण बाळाला घरी ठेवून ये." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दारापाशीसुद्धा पुन्हा कधी आली नाही.

मला वाटलं, हिला शिकायचंच नाही. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की मी तिला शाळेत बोलावलं नव्हतं, शाळेतून घालवलं होतं. बाळाला घरी ठेवायचं म्हणजे कुणाजवळ? आई-बाप पहाटे तीन-चारला फडात गेलेले. घर म्हणजे पाचटाची कोपी, तिला दार नाही. त्या बाळापुरती ती मुलगी हेच घर होतं.

ज्यांच्या नावानं आज आपण जमलो, त्या सावित्रीबाईंचं नायगावही नीरेच्याच खोऱ्यातलं. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातलं. त्या दिवसांत सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या भागात होत्या, तिथून त्यांनी एप्रिल १८७७ मध्ये जोतीरावांना दुष्काळाची हकिगत कळवणारं पत्र लिहिलं. आई-बाप पोटासाठी देशोधडीला लागले की मुलांचं काय होतं, हे या दोघांनी जवळून पाहिलं होतं. त्याच दुष्काळानंतरच्या वर्षांत नीरा डावा कालवा झाला, १८८५ च्या सुमाराला त्याला पाणी आलं. पुढे १९२८ मध्ये भाटघरचं धरण पुरं झालं, तिसाच्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं, मग भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी, शहाजीनगर असे साखर कारखाने आले. आपली ही हिरवी पट्टी एका दुष्काळातून जन्मली आहे. आणि तिचा ऊस आजही तोडला जातो तो दुसऱ्यांच्या दुष्काळाच्या बळावर.

ही माणसं येतात कुठून? बीड, पाथर्डी, आष्टी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. त्यांच्याबरोबर चाळीसगाव, कन्नडकडचे भिल्ल येतात, शहादा, धडगाव, अक्कलकुव्याकडचे पावरा आणि भिल्ल येतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी होती. राज्याची साक्षरता तेव्हा ८२ टक्के, नंदुरबारची ६४, राज्यात सगळ्यात कमी. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरचं एक पीक येतं. दिवाळीनंतर रानात काम नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, त्याच वेळी मुकादम उचल घेऊन दारात येतो. उचल घेतली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता झाला, आणि तो कोयता हंगामभर बांधला गेला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला. चांगली गोष्ट झाली. पण मजुरी टनावर आहे तोवर घरातला प्रत्येक हात टनाकडे ओढला जाणार. आठ वर्षांचा हात वाढं गोळा करतो, बारा वर्षांचा मोळी बांधतो, चौदा वर्षांचा कोयता धरतो. आणि मुलगी चौदा-पंधराची झाली की तिचं लग्न लावून नवी जोडी, म्हणजे नवा कोयता उभा करायची घाई होते.

आता शाळेचं वर्ष आणि कारखान्याचं वर्ष शेजारी ठेवून बघा. शाळा जूनमध्ये उघडते. दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे टोळी निघते. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गळीत संपतं, मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. म्हणजे पहिलं सत्र मुलाला मिळतं आणि दुसरं सबंध जातं. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. त्याच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, आणि होळीला गावी पोचायची ओढ लहानथोर सगळ्यांना असते. पण पट्टा पडल्याशिवाय सुटका नाही. २०२१-२२ साली महाराष्ट्रात साखरेचं विक्रमी उत्पादन झालं, त्याचं आपल्याला केवढं कौतुक! तो हंगाम जूनपर्यंत रेंगाळला होता. त्या वर्षी पुढच्या इयत्तेची पहिली घंटा वाजली तेव्हा कित्येक मुलं अजून परतीच्या वाटेवर असतील.

हाच क्रम चार वर्षं चालला की काय होतं? मूल पाचवीत जातं. हजेरीपटावर चार वर्षं लागतात, शिक्षण झालेलं असतं दोन वर्षांचं. आणि तेही सलग दोन वर्षांचं नव्हे. त्याच्या वाट्याला दरवर्षी पुस्तकाची पहिली निम्मी पानंच येतात. बेरजेची ओळख होते आणि हातच्याच्या वेळी ते फडात असतं. गुणाकार सुरू होतो आणि भागाकाराच्या वेळी ते फडात असतं. पुढच्या वर्षी गुरुजी ज्या पायावर शिकवायला घेतात तो पायाच त्याच्याखाली नसतो. मग आपण म्हणतो, आदिवासी मुलं गणितात कच्ची असतात. मी स्वतः म्हटलेलं आहे. ते कच्चेपण त्या मुलाचं नव्हतं, ते उसाच्या वेळापत्रकाचं होतं.

यात भाषेची भर पडते. पावरी, भिलोरी बोलणारं मूल गावच्या शाळेत मोठ्या कष्टानं प्रमाण मराठीशी जुळवून घेऊ लागतं, तोवर निघायची वेळ येते. नंदुरबारची कित्येक कुटुंबं तर आपल्याकडे न येता गुजरातेत, सुरत-बारडोलीकडच्या कारखान्यांवर जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं बारडोलीच्या तोडकऱ्यांवर सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलं आहे, आणि त्यातले मजूर खानदेशातले आहेत. तिथं मुलाला शाळेत घातलंच तर लिपीही बदलते. आपल्याकडे आलेलं मूल वर्गात गप्प बसतं आणि आपण त्याच्या गप्प बसण्याला मंदबुद्धी म्हणतो. नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या बुडितातल्या गावांत, नव्वदच्या दशकात जीवनशाळा सुरू झाल्या. तिथं शिक्षकानं मुलाच्या बोलीतून सुरुवात केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही म्हटलं आहे की शिकवणं शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून असावं. अंथुर्ण्याच्या शाळेतल्या बाईंनी पावरी शिकावी असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाला पन्नास-साठ शब्द विचारून वहीत लिहून घ्यायला काय हरकत आहे? ज्या दिवशी बाई मुलाकडून एक शब्द शिकतात, त्या दिवसापासून मूल बोलायला लागतं. एवढं मी अनुभवानं सांगते.

आता साखरशाळांकडे येते. या सभागृहातल्या चाळिशीच्या पुढच्या माणसांना त्या आठवत असतील. जनार्थसारख्या संस्थांनी हे काम हातात घेतलं, सरकार आणि कारखाने सोबत आले, आणि कारखान्यांच्या तळांवर हंगामापुरत्या शाळा भरू लागल्या. पाचटाचं नाहीतर पत्र्याचं छप्पर, एक शिक्षक, सगळ्या इयत्ता एकत्र. वसई-ठाण्याकडे विधायक संसदेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या त्याही साधारण त्याच काळातल्या. तिथं मुलं कातकरी आणि वारली. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं प्रत्येक मुलाला पक्क्या, नियमित शाळेचा हक्क दिला आणि साखरशाळा हळूहळू मागं पडल्या. तत्त्व बरोबर होतं. गरिबाच्या मुलाला कामचलाऊ शाळा आणि बाकीच्यांना खरी शाळा, हे सावित्रीबाईंनाही पटलं नसतं. पण आपण छपराची शाळा मोडली आणि पक्क्या शाळेचं दार त्या मुलासाठी उघडलं मात्र नाही. मधल्या मोकळ्या जागेत ती मुलं पडली.

साखरशाळेचीही एक उणीव होती आणि ती नेमकी आदिवासी टोळ्यांना भोवली. ज्यांच्याकडे बैल आहेत ते गाडीवान कारखान्याजवळच्या तळावर पाच महिने एका जागी राहतात. तिथं शाळा भरवता येते. ज्यांच्याकडे बैल नाहीत, जे डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरतात, त्या डोकी सेंटरच्या टोळ्या एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलतात. आदिवासी कुटुंबं बहुधा यांतली. पंधरा दिवस अंथुर्णे, पुढचे पंधरा दिवस दुसरंच गाव. त्यांच्यापर्यंत तळावरची शाळा पोचत नव्हती, आणि आज गावातलीही पोचत नाही.

अशा मुलांकडे शाळा कशी न्यायची, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर. समोर वारली मुलं. बांधलेल्या बालवाडीत ती येईनात, तेव्हा या बायका पाड्यावर गेल्या आणि झोपडीपुढच्या अंगणात बालवाडी भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती हाच शब्द घेऊन. मुलं गुरांमागं जातात असं दिसलं तेव्हा त्यांनी कुरणात शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. आणि मोठी बहीण धाकट्याला सोडून येऊ शकत नाही, हे दिसलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच जागी आणल्या. त्या रचनेला विकासवाडी म्हणत. बहीण वर्गात, भाऊ शेजारच्या पाळण्यात.

हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या दारापाशी उभी असलेली ती मुलगी आठवली. ताराबाईंना आणि अनुताईंना जे दिसलं ते मला कित्येक वर्षांनंतर, नोकरीत मुरल्यावरही दिसलं नव्हतं. सरकारी कागदावर त्या मुलीची नोंद झालीच तर "शाळाबाह्य" अशी होते. तिला शाळेबाहेर ठेवणारं कारण तिच्या कडेवर होतं, रडत होतं, भुकेलं होतं. त्याची सोय झाली असती तर ती वर्गात असती. म्हणून मी म्हणते, स्थलांतरित मुलांच्या शाळेचा विचार पहिलीच्या वर्गापासून सुरू करून चालणार नाही, पाळण्यापासून सुरू करावा लागेल.

यावर मला नेहमी विचारतात की मुलं इकडे येऊच नयेत, गावीच राहावीत अशी सोय नको का? हवी. गावोगावची हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत, अलीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. आदिवासी भागात आश्रमशाळा पन्नासहून अधिक वर्षांपासून आहेत. जे मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात राहू शकतं त्यानं गावीच शिकावं, त्यासारखं दुसरं काही नाही. मुक्कामाची आणि जेवणाची सोय दिवाळीच्या आधी, टोळी निघण्याच्या आधी सुरू झाली पाहिजे. टोळी निघून गेल्यावर उघडलेलं वसतिगृह कुणासाठी? पण एवढ्यानं भागत नाही. आश्रमशाळेत मुलगा राहतो आणि त्याची बहीण बाळ सांभाळायला फडावर येते, कारण दोन वर्षांच्या बाळाला कुठलीही आश्रमशाळा घेत नाही. गावची सोय कितीही चांगली झाली तरी काही मुलं, आणि त्यांत मुली जास्त, आपल्या शिवारात येणारच आहेत. आल्यावर त्या कुणाच्या?

कायदा सांगतो, तुमच्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतं, म्हणजे जिथं मूल आहे तिथल्या. कलम ५ सांगतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येणार नाही. कलम १५ सांगतं, वर्षाच्या मध्येच आलं म्हणून नाकारता येणार नाही. कलम ४ सांगतं की मूल वयाप्रमाणे वर्गात बसेल आणि मागं राहिलेलं भरून काढायला त्याला विशेष प्रशिक्षण मिळेल. आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रकही आहे. मूल गाव सोडताना शाळेनं ते द्यायचं आणि जाईल तिथल्या शाळेनं ते बघून मुलाला बसवून घ्यायचं. कागद पुरेसे आहेत, अडतं ते नोंदीपाशी. अमेरिकेत १९६९ मध्ये, शेतमजुरांच्या मागं फिरणाऱ्या मुलांच्या नोंदी एका जागी ठेवण्यासाठी आर्कान्सा राज्यात संगणकाची यंत्रणा उभी केली होती. त्या देशातल्या शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ स्वतः लहानपणी तीसहून अधिक शाळा फिरले आणि आठवीनंतर त्यांची शाळा सुटली. नोंद मुलाच्या मागोमाग चालली पाहिजे, हे तिथं पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं गेलं.

आपल्याकडे नोंद ठेवायची माहीतगारी नाही असं कुणी म्हणू नये. कोणत्या टोळीनं कोणत्या गटातला ऊस कोणत्या दिवशी तोडला, किती टन भरला, हे कारखान्याला वजनकाट्याच्या पावतीपर्यंत ठाऊक असतं. शेतकी खात्याचा स्लिपबॉय रोज फडावर जातो. तोडणीचा कार्यक्रम गावाला आधी कळतो. मग त्याच वहीत टोळीमागं मुलं किती, त्यांत सहा वर्षांखालची किती, हा एक रकाना वाढवायला किती शाई लागेल? तो रकाना भरला की टोळी कुठल्या शिवारात उतरणार हे तिथल्या मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी कळेल. सोमेश्वरनगरच्या परिसरात "कोपीवरची शाळा" चालली आहे, शिकवणारी तरुण मुलं कोप्यांवर गेली आहेत. तेव्हा हे होऊ शकत नाही, असं आपल्या तालुक्यांना तरी म्हणता येणार नाही.

आणि अंगणवाडी. आपल्या अंगणवाड्या सकाळी उघडतात तेव्हा तोडकऱ्यांचे चार-पाच तास फडात गेलेले असतात. हंगामाच्या पाच महिन्यांत, जिथं टोळ्या उतरतात त्या वस्तीवर, पहाटेपासून दुपारपर्यंत बाळं सांभाळायला गावातल्याच एका बाईला मानधन द्यावं. कारखान्यानं द्यावं, ग्रामपंचायतीनं द्यावं, ऊस ज्याचा तुटतो त्यानं टनामागं चार आणे वाटा उचलावा. अंगणवाडी सेविकेवर हे लादू नये, तिच्या पाठीवर आधीच पुष्कळ ओझी आहेत. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या उपायांत मला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा वाटतो. बाळ उतरवून ठेवायला जागा मिळाली की मुलगी आपल्या पायांनी शाळेत येते.

तुकोबांची पालखी दरवर्षी याच वाटेनं जाते. आषाढवारीत एक रात्र टेकलेल्या माणसाला हा भाग उपाशी झोपू देत नाही. कोण कुठल्या दिंडीत चालतो, कोणाला कुठं उतरवायचं, हे घरोघरी पाठ असतं. कोप्यांतली माणसं पाच महिने राहतात. त्यांच्या मुलांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

माझी विनंती एवढीच आहे. उद्या-परवा ज्यांच्या रानात तोड आहे त्यांनी फडावर गेल्यावर टोळीतल्या मुलांची नावं आणि वयं विचारावीत आणि एका कागदावर लिहून शाळेत नेऊन द्यावीत. माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनी दाखला मागू नये, आधार कार्ड मागू नये, मुलाला आधी वर्गात बसवावं आणि कागद मागून करावेत. पट्टा पडायला अजून दोन-तीन महिने आहेत. दुसऱ्या सत्राचे तेवढेच दिवस हातात आहेत. आणि दारापाशी एखादी मुलगी येऊन उभी राहिली, तिच्या कडेवर लेकरू असलं, तर तिला एवढंच सांगा: बाळाला घेऊनच ये.